बारकं

रविवारच्या बाजारातनं सात अंडी आणली,
पटवेकर भाभींची खुडूक कोंबडी उसनी घेतली,
पाटीत भुस्सा घालून बसवली.
एकविसाव्या दिवशी सहा फुटली.
सातवं मी कानाशी धरलं.
आत कुणीतरी पत्रा खरवडत होतं,
थांबून थांबून,
घाई नसल्यासारखं.

तेविसाव्या दिवशी ते आलं.
ओलं. सुपारीपेक्षा जरा मोठं.
भावंडांच्या पोटाखालनं
मान न वाकवता पलीकडं गेलं.

"असील तर न्हवंच," भाभी म्हणाल्या,
"असिलाची तंगडी बघायची असती. हे नुसतं तोंडी लावणं."
दूधवाला चौगले सायकलवरनं न उतरता म्हणाला,
"गिरिराज? छ्या!
ते दुसऱ्या दिवशी म्हशीगत खातंय."
वरच्या मजल्यावरच्या श्रेणिकनं फोटो काढले,
तीन बाजूंनी, शेजारी रुपया ठेवून.
"बँटम असंल," म्हणाला. मग म्हणाला, "नसंल पण."

कसबा बावड्याच्या दवाखान्यात
कंपाउंडर शिरगुप्प्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
चोच उघडली.
"कडकनाथ म्हणावं तर जीभ गुलाबी."
पंख ताणला, सोडला.
उताणं केलं, बोटं मोजली.
"चार. पाच असती तर काहीतरी सांगता आलं असतं."

मला खोली देताना मगदूमकाकींनीही
असंच उजेडाकडं धरलं होतं.
आधी आडनाव.
मग गाव.
मग गावात घर नेमकं कुठल्या अंगाला.
मग आईचं माहेर.
मग चहा ओतता ओतता,
"तुमच्यात लग्नं कशी लावतात ओ?"
मी म्हणाले, "अक्षता टाकून."
चार बोटं मोजून झाली होती.
दोन महिन्यांचं भाडं आगाऊ दिलं
आणि त्यांनी किल्ली दिली,
माझ्या हातात नाही,
खिडकीच्या कठड्यावर ठेवली.

लसीच्या वहीत जातीचा रकाना होता.
शिरगुप्प्यांनी पेन झटकलं, लिहिलं: बारकं.
मग खोडलं. "साहेब विचारतील."
लिहिलं: गावठी.
गावठी म्हणजे कुठली, मी विचारलं.
"ज्याचं काही कळत नाही
ते सगळं," ते म्हणाले,
आणि पुढच्या शेळीला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत घालून कामावर नेलं.
गुजरीत, कारेकरांच्या दुकानात,
मी पैंजणांना घुंगरं ओवते.
कारेकरांनी पंखा बंद केला,
तराजूची काच वर केली.
ते पारड्यात उभं राहिलं, पाय फाकवून,
आरशात बघावं तसं चकचकीत पितळेत बघत.
एकोणीस ग्रॅम, तीनशे मिली.
एका पैंजणाच्या निम्मंसुद्धा नाही.
तेवढ्यात शिटलं.
पारडं पुसून परत ठेवलं: एकोणीस ग्रॅम, शंभर.
"घट धरा," कारेकर म्हणाले,
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मला त्यांचे पुढचे दात दिसले.

कोंबडी त्याला पंखाखाली घेते, पण विसरते.
म्हणून रात्री चिपट्यात झोपवते मी,
जोंधळे मोजायच्या,
तळाशी जुनं फडकं घालून.
पहिल्या आठवड्यात चिपटं रिकामंच वाटायचं,
हात घालून शोधावं लागायचं.
परवा काठावर डोकं दिसलं.
काल कणी संपवून त्यानं
थोरल्याच्या चोचीतला किडा ओढला.
मिळाला नाही. पण ओढला.

आज सकाळी जिन्यावरनं काकींची हाक,
"अवो, तुमचं ते… ते वर आलंय बघा!"
हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर गेले.
काकी पदर आवरून उभ्या,
पुढचा शब्द शोधत.
मी सुचवला नाही.

ते तिसऱ्या पायरीवर होतं.
पायरी त्याच्या दुपटीनं उंच.
कसं चढलं
कुणीच पाहिलं नव्हतं.